तुमचे योगगुरू कोण?

हिमायतनगरला गच्चीवर योगाचा वर्ग घ्यायला लागल्यापासून हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. विचारणाऱ्याला एखादं मोठं नाव हवं असतं, जमलं तर हृषीकेशचं. माझ्याकडं तसं नाव नाही. मुदखेडहून आदिलाबादकडं जाणाऱ्या रेल्वेवरचं हे आमचं तालुक्याचं गाव. जुनी माणसं त्याला अजून वाढोणाच म्हणतात. महाशिवरात्रीला परमेश्वर मंदिराच्या यात्रेत गाव भरून वाहतं, एरवी कापूस, सोयाबीन आणि पैनगंगेला पाणी आहे की नाही, एवढाच विषय. इथं योग शिकायचा म्हणजे जो भेटेल त्याच्याकडून, तो जेवढं देईल तेवढं घ्यायचं. मी तसंच घेत आले. कुणी काय दिलं ते खाली लिहिलं आहे. क्रम मानाचा नाही, भेटीचा आहे.

१. पहिला गुरू योगाचा असतोच असं नाही

माझे पहिले गुरू म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतले गणिताचे गुरुजी. पी.टी.चा तास त्यांच्या गळ्यात पडलेला होता. रथसप्तमी जवळ आली की मैदानावर सूर्यनमस्कार सुरू व्हायचे आणि गुरुजी धोतर सावरत आकडे म्हणायचे. श्वास कधी घ्यायचा, कधी सोडायचा, याविषयी एक अक्षर नाही. पण रांगेतलं शेवटचं पोरगं हात टेकून सावरेपर्यंत पुढचा आकडा यायचा नाही. आम्ही चपळ पोरी वाकलेल्या तशाच अडकून राहायचो. "गुरुजी, म्हणा ना!" म्हणून ओरडलं तर उत्तर ठरलेलं, "त्याचं होऊ दे."

आसन करता येतं, त्यात थांबणं जड जातं. ते थांबणं मी तिथं शिकले, आणि तेही दुसऱ्यासाठी. पुढं वाचलं तेव्हा कळलं, की हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत सूर्यनमस्काराची ही बारा आकड्यांची मालिका नाहीच. महाराष्ट्रात ती तालमीतून आली आणि शाळेच्या मैदानावर रुजली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले, त्यावर पुस्तक लिहिलं, आणि स्वतः राजे असून रोज घातले. गुरुजींना हे ठाऊक होतं का, कोण जाणे. त्यांना मागचं पोरगं दिसत होतं, तेवढं पुरे होतं.

२. घरातला विरोध नीट ऐकून घ्यावा

आजोबा माळकरी. हरिपाठ तोंडपाठ. मी पद्मासन घालून डोळे मिटले की ओसरीवरून आवाज यायचा, "काय करायलीस गं? नाम घे, नाम!" योग आणि यागाच्या खटपटीत पडू नका, नामाला लागा, असं हरिपाठातच सांगितलंय, ही त्यांची तोफ. तिला मी ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय काढून उत्तर दिलं. आसन कसं घालावं, बंध कसे बांधावेत, कुंडलिनी कशी जागी होते, हे सगळं ज्ञानोबांनी तिथं इतक्या बारकाव्यानं सांगितलंय, की तसं सांगायला माणूस त्या वाटेनं गेलेलाच हवा.

आजोबा हसले. म्हणाले, "मग तो कुणाकडून शिकला, ते बी वाच."

तो वाद मी हरले असं म्हणायला हरकत नाही, कारण वाचत गेले तसं माझं तोंड बंद झालं. ज्ञानोबांचे गुरू निवृत्तिनाथ, म्हणजे सख्खे थोरले भाऊ. त्यांचे गहिनीनाथ, आणि तिथून वर गोरक्षनाथ. पुऱ्या ज्ञानेश्वरीत हा माणूस श्रेय निवृत्तींच्या पायाशी ठेवतो. ग्रंथ १२९० सालचा. एवढ्या वर्षांत त्याच्या तोडीचं मराठीत फार थोडं लिहिलं गेलं, आणि लिहिणारा म्हणतो, हे माझं नाही.

आजोबांची दुसरी आवडती गोष्ट नामदेवांची. नामदेव आमच्या बाजूचे, नरसीचे. गोरोबाकाकांनी सगळ्या संतांची डोकी थापटून पाहिली आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं. एवढे विठ्ठलाचे लाडके, पण गुरू नव्हता. मग ते औंढ्या नागनाथला विसोबा खेचरांकडं गेले. ही कथा सांगताना आजोबा माझ्याकडं बघायचे. माझं मडकं त्यांनी कधी पक्कं म्हटलं नाही. स्वतः मात्र रात्रभराच्या कीर्तनात मांडी न मोडता, पाठीला टेकू न घेता बसायचे. तसं बसणं माझ्या वर्गात आजही कुणाला येत नाही, मलाही नाही.

३. शिकवणाऱ्याच्या हाताआधी त्याचा डोळा पाहावा

लग्नानंतर या गावात आले आणि शेजारच्या काकू भेटल्या. माहेर नागपूरचं. लहानपणी त्या रामनगरच्या योगाभ्यासी मंडळात शिकल्या होत्या. जनार्दनस्वामींनी १९५१ साली सुरू केलेलं हे मंडळ. स्वामी कोकणातले, नागपुरात आले आणि तिथंच राहिले. योग घराघरात जावा आणि त्याला पैसा लागू नये, हा त्यांचा आग्रह. त्या शहरातल्या किती घरांत त्यांनी स्वतः जाऊन आसनं शिकवली असतील! काकू "स्वामीजी" म्हणताना आवाज थोडा खाली आणायच्या.

काकूंनी पहिल्या दिवशी मला काहीच शिकवलं नाही. दार लावून घेतलं, पदर खोच म्हणाल्या आणि घरभर चालायला लावलं. मग बसायला. मग भांडं उचलायला. मी आपली वाट बघतेय, आता आसन सांगतील. शेवटी म्हणाल्या, "उजव्या पायावर भार टाकून उभी राहतेस. पोर डाव्या कडेवर घेतेस ना?" खरंच होतं. त्यानंतर पुष्कळ दिवस आमचं ताडासनच चाललं. सरळ उभं राहण्याला आसन म्हणतात हे ऐकून सासूबाई हसून हसून बेजार झाल्या होत्या.

दार लावून घेणं ही त्यांची दुसरी शिकवण. साडीत पाय वर करायचे म्हणजे बाई आधी आजूबाजूला बघते, आणि जिचं लक्ष दाराकडं तिचा श्वास मोकळा कसा होणार? माझ्या गच्चीला आज चारी बाजूंनी जुन्या साड्यांचा आडोसा आहे. बघणारे त्याला वाळत घातलेले कपडे समजतात, तेही बरंच आहे.

४. टीव्ही आपल्याला दाखवतो, पाहत नाही

गावात डिश आली, आस्था चॅनल आलं आणि पहाटे घराघरातून कपालभातीचा आवाज येऊ लागला. रामदेवबाबांचं हे देणं मी मानते. जी माणसं उठल्याबरोबर तंबाखू मळत होती ती चटईवर बसायला लागली. पण पडद्यातल्या माणसाला तुमची पाठ दिसत नाही, तुमचा रक्तदाब कळत नाही. कपालभाती हठप्रदीपिकेत प्राणायामात नाही, षट्कर्मांत मोडते, म्हणजे शुद्धीची क्रिया. ज्याला रक्तदाब किंवा हर्निया आहे त्यानं, जी गरोदर आहे तिनं, ती जोरजोरात करू नये. चुकीच्या प्राणायामानं उचकी, दमा, डोकेदुखी मागं लागते, असा इशारा त्याच ग्रंथात आहे. इशारा जुना आहे, पण पहाटेच्या कार्यक्रमात तो ऐकायला कुणाला वेळ असतो?

५. विद्यार्थी शिकवतात, आणि फार स्पष्ट शिकवतात

दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत आमच्याकडची बाई कापसात असते. वेचणी किलोवर. कमरेला झोळी, कंबरेत वाकायचं, दोन्ही हातांनी बोंडातला कापूस ओढायचा, पुढचं झाड. झोळी भरत जाते तसं वजन पुढं ओढतं. उन्हं वर यायच्या आत रानात, दिवे लागताना घरी, आणि घरी चूल वाट बघत असते.

अशा दोघीतिघी एका संध्याकाळी वर्गाला आल्या. भिंतीवर आसनांचा तक्ता लावलेला होता. त्यातलं पश्चिमोत्तानासन बघून एकजण म्हणाली, "बाई, दिसभर वाकूनच असतो की आमी. इथं येऊन आनिक कामून वाकायचं?"

योगाच्या कुठल्याही जाड पुस्तकाइतका हा प्रश्न मोठा आहे. काकू सांगायच्या, ज्याचा दिवस जसा जातो त्याच्या उलट आसन त्याला द्यावं. या बायकांच्या पाठीचे स्नायू दिवसभर ताणलेले, छाती आत ओढलेली, मांड्यांचा पुढचा भाग आखडलेला. त्यांना पुढं वाकवणारं एकही आसन पहिल्या महिन्यात द्यायचं नाही, असं ठरवलं. आधी मकरासन, नुसतं पालथं पडून राहायचं. मग भुजंगासन, तेही हातावर जोर न देता. एकेक पाय उचलून अर्धशलभासन. शेवटी भिंतीला पाय लावून उताणं पडणं. हे शेवटचं त्यांना इतकं आवडलं, की एकीनं घरी जाऊन सासूलाही भिंतीला लावलं.

वेळसुद्धा त्यांनीच मला शिकवली. योग पहाटेच, उपाशीपोटीच, असं मी कुठंकुठं वाचलेलं. वेचणीच्या दिवसांत पहाटे बाई मोकळी नसते. मोकळी असते ती घरी आल्यावर, भाकरी थापायला बसण्याआधी. पोट तेव्हाही रिकामंच असतं. मग वर्ग तिकडं सरकवला.

आणि एक. पुस्तकात ज्याला मालासन म्हणतात, त्या उकिडव्या बैठकीत आमच्या वर्गातली सत्तरी उलटलेली आजी गोवऱ्या थापते. शहरातून सुट्टीला आलेल्या तिच्या नातीला त्यात अर्धा मिनिट बसवत नाही, टाचा उचलतात. मी नातीला आजीसमोर बसवलं आणि म्हटलं, हिचं बघून कर. त्या दिवशी वर्ग आजीनं घेतला.

६. "हे माझ्याकडं नाही" म्हणणारा गुरू दुर्मीळ

नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये एका हाडांच्या डॉक्टरांकडं माझ्या ओळखीच्या बाईला घेऊन गेले होते. मी योग शिकवते कळल्यावर ते नाक मुरडतील असं वाटलं. त्यांनी कागद ओढला आणि काय करू नये याची यादीच लिहून दिली. पाठीतून पायात कळ जात असेल तर झटक्यानं पुढं वाकवू नका. मानेचा त्रास असेल तर शीर्षासन, सर्वांगासन बंद. रक्तदाब, काचबिंदू असेल तरीही डोकं खाली नको. मधुमेहाच्या गोळ्या तुम्ही बंद करायला सांगायच्या नाहीत, ते काम डॉक्टरचं. तो कागद मी प्लास्टिकमध्ये घालून ठेवला आहे. गुरूंच्या यादीत डॉक्टरांचं नाव आलं म्हणून कुणाला खटकलं तर खटको.

७. पुस्तकाला गुरू करावं, पण त्यातल्या माणसाला शोधावं

अय्यंगारांची 'योगदीपिका' नांदेडहून मागवली. मूळ इंग्रजी पुस्तक १९६६ चं, दोनशे आसनं आणि सहाशेच्या आसपास फोटो. पहिल्यांदा चाळलं आणि मिटून ठेवलं. हे शरीर आमच्या गावचं नाही!

मग त्यांची हकिकत वाचली. १९१८ साली बेळ्ळूरला जन्मलेलं काडीसारखं पोर, मलेरिया, विषमज्वर, क्षयातून कसंबसं उठलेलं. बहिणीचे यजमान कृष्णम्माचार्य म्हैसूरला योग शिकवायचे, त्यांच्या कडक हाताखाली थोडं शिकलं. १९३७ साली त्यांनीच त्याला पुण्याला डेक्कन जिमखान्यावर शिकवायला पाठवलं. वय अठरा. मराठी येत नाही, समोरचे विद्यार्थी वयानं मोठे आणि ताकदीनं दांडगे. तो सहा महिन्यांसाठी आला आणि २०१४ साली पुण्यातच गेला. हे वाचल्यावर फोटोतल्या त्या शरीराचा धाक गेला.

त्यांनी दोर, पट्टे, विटा, खुर्च्या वापरून म्हाताऱ्या, आजारी माणसांना आसनात बसवलं. हे आमच्या कामाचं. लाकडी ठोकळ्याऐवजी घरचा पाट, पट्ट्याऐवजी सुती साडीची पट्टी, लोडाऐवजी गुंडाळलेली गोधडी. गोधडी तर लोडापेक्षा बरी, हवी तेवढी जाड करता येते.

अय्यंगारांकडं व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन शिकायला आले ते १९५२ मध्ये, मुंबईला. दोन वर्षांनी त्यांनी अय्यंगारांना घड्याळ भेट दिलं आणि त्यावर, माझ्या सर्वोत्तम व्हायोलिन-शिक्षकास, अशा अर्थाचा मजकूर कोरून घेतला. अय्यंगारांना व्हायोलिन येत नव्हतं. पण खांदा मोकळा कसा ठेवायचा ते येत होतं, आणि वाजवणाऱ्याला नेमकं तेच हवं होतं. अय्यंगारांनी आपलं मोठं पुस्तक कृष्णम्माचार्यांना अर्पण केलं. म्हैसूरच्या त्या घरात त्यांना माया कमी आणि बोलणी जास्त मिळाली होती, तरीही. पुण्याच्या संस्थेला मात्र नाव पत्नीचं दिलं, रमामणींचं.

८. शोध आपला, नाव गुरूचं

सगळ्यांत जास्त वेळ माझ्या मनात राहिलेली गोष्ट ही.

जगन्नाथ गणेश गुणे अमळनेरला शिकवायचे. बडोद्यात प्राध्यापक माणिकरावांच्या आखाड्यात त्यांनी शरीर कमावलं, आणि नर्मदाकाठच्या मालसर इथं परमहंस माधवदासजींकडं योग शिकले. हेच पुढं स्वामी कुवलयानंद झाले. पण गुरूनं सांगितलं म्हणून ते गप्प बसले नाहीत. नौली, म्हणजे पोटाचे स्नायू फिरवण्याची क्रिया, करताना पोटात नेमकं काय होतं, हे त्यांनी बडोद्याच्या दवाखान्यात क्ष-किरणांखाली तपासलं, दाब मोजला. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, असं दिसलं. बस्तीत, म्हणजे आतडं पाण्यानं धुण्याच्या क्रियेत, पाणी आत कसं ओढलं जातं, याचा उलगडा झाला. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभं राहिलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक निघालं. त्यात हे प्रयोग छापले गेले.

आतड्यातल्या त्या पोकळीला त्यांनी नाव दिलं 'माधवदास व्हॅक्यूम'.

दवाखाना, क्ष-किरण, दाब मोजायचं यंत्र, सगळं यांनी केलं. माधवदासजी तोवर गेलेलेही होते. स्वतःचं नाव दिलं असतं तरी कुणी बोट ठेवलं नसतं. एकाच माणसात गुरूची परीक्षा घेण्याची हिंमत आणि निकाल गुरूच्या नावावर लावण्याची नम्रता होती. योग शिकवणाऱ्या प्रत्येकानं यातलं एक तरी घ्यावं. आज उलटं दिसतं. चार पारंपरिक आसनं पुढंमागं लावायची आणि त्या मालिकेला स्वतःचं नाव द्यायचं. विचारलं, हे कुठून आलं, तर म्हणे "आतून".

मी प्रत्येक आसन सांगताना ते कुणाकडून आलं हेही सांगते. ताडासन काकूंचं, थांबणं गुरुजींचं, गोधडी अय्यंगारांच्या विटेवरून. बायका कंटाळतात, पण आता त्याही घरी पोरांना सांगताना माझं नाव घेतात आणि मग काकूंचं.

९. प्रमाणपत्र घ्यावं, त्याचा दिवा ओवाळू नये

मुक्त विद्यापीठाची योगशिक्षक पदविका मीही केली. नाशिकला विश्वास मंडलिक यांनी उभारलेल्या योग विद्या धामानं महाराष्ट्रात असे शिक्षक गावोगाव तयार केले. मंडलिकांना २०१८ साली योगासाठीचा पंतप्रधान पुरस्कार मिळाला, तेव्हा आम्ही गच्चीवर पेढे वाटले. शरीरशास्त्र, ग्रंथ, पाठ कसा घ्यावा, हे अभ्यासक्रमाशिवाय मला आलं नसतं. भिंतीवर मात्र ते प्रमाणपत्र लावलेलं नाही. तिथं आसनांचा तक्ता आहे, तो जास्त उपयोगी.

१०. २१ जूनला आमचं गाव रानात असतं

संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१४ मध्ये योग दिन ठरवला आणि २०१५ पासून तो सुरू झाला. २०१९ मध्ये राज्याचा मुख्य कार्यक्रम नांदेडलाच होता. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि रामदेवबाबा मंचावर, मैदानात अफाट गर्दी. चांगलंच झालं. पण तारीख ज्यानं ठरवली त्याला मराठवाड्याचा मृग ठाऊक नसणार. त्या आठवड्यात पाऊस पडला तर आमच्याकडं पेरणी चालू असते, नाही पडला तर माणसं आभाळाकडं बघत असतात. वर्षातून एकदा योग करायचाच असेल तर इथल्या माणसानं तो मार्चमध्ये करावा. पतंजलींनी मात्र अभ्यासाला तीन अटी घातल्यात: पुष्कळ काळ, खंड न पाडता, आदरानं. पहिल्या दोन घड्याळात मोजता येतात. तिसरीबद्दल मला आजोबांची मांडी आठवते.

११. दक्षिणेचा प्रश्न

काकूंनी माझ्याकडून कधी पैसा घेतला नाही. एकदा मी हट्टानं साडी नेली, तर म्हणाल्या, "ठेव, पण उद्यापासून तू दोघींना शिकव. मग ही नेसते." दोघी शोधायला मला वेळ लागला, साडी तोवर पेटीत. जनार्दनस्वामींची रीत त्यांनी अशी नागपूरहून पैनगंगा ओलांडून इकडं आणली. ज्यांचं पोट योगावर आहे त्यांनी फी जरूर घ्यावी, त्यात कमीपणा नाही. माझं पोट शाळेवर आहे, म्हणून मी घेत नाही.

तेव्हा गुरुपौर्णिमेला माझ्याकडं शाल-श्रीफळ घेऊन येऊ नका. तुम्हाला पाठ सरळ करायला, श्वास धरायला, नुसतं गप्प बसायला ज्यानं पहिल्यांदा शिकवलं, तो तालमीतला असो, कीर्तनातला असो की शाळेतला, तो हयात असेल तर त्याच्या घरी जा. गेला असेल तर त्याचं नाव पोरांना सांगा. आणि माझ्याकडं यायचंच असेल तर पेरणीच्या दिवसांत वर्ग पहाटे असतो, वेचणीत संध्याकाळी. सतरंजी आपापली आणावी.